मुलांची पोटगी : वेगळं राहणाऱ्या आईवडिलांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईत कौटुंबिक दावे लढवण्यात माझी बरीच वर्षं गेली. कुणी लालबागच्या चाळीतून येतं, कुणी पवईच्या टॉवरमधून, पण खुर्चीवर टेकल्याटेकल्या निम्मे लोक दोनातलं एक वाक्य बोलतात. "मॅडम, तिला एक पैसा द्यायचा नाहीये." किंवा, "मॅडम, त्याचा एक पैसा नकोय मला." दोघांनाही मी तिथेच थांबवते. मुलाची पोटगी मुलाची असते. ती नाकारायचा हक्क बापाला नाही, आणि सोडून द्यायचा हक्क आईलाही नाही. खालची बहुतेक उत्तरं इथूनच निघतात.

ही सर्वसाधारण माहिती आहे. तुमचे कागद तुमच्या वकिलांना दाखवाच.

पोटगीत नेमकं काय येतं? नुसतं जेवणखाण?

नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मध्ये निर्वाहाची व्याख्याच दिली आहे : अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधपाणी. मुलगी अविवाहित असेल तर तिच्या लग्नाचा वाजवी खर्चसुद्धा. शिकवणीचा किंवा एखाद्या कोर्सचा खर्चही हिशोबात धरावा, मात्र तो अवाच्या सवा नसावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

यातला "निवारा" हा शब्द मुंबईत लोक हमखास विसरतात. फी, बस, क्लास सगळं लिहून आणतात आणि ज्या खोलीत मूल झोपतं तिचं भाडं लिहीतच नाहीत. आई माहेरी राहत असेल तर "भाडं कुठे आहे?" असा प्रश्न समोरून येतो. तेव्हा लाईटबिलातला, गॅसमधला, रेशनमधला वाटा तरी लिहा. आजीआजोबांनी जागा दिली म्हणून बापाची जबाबदारी फिटत नाही.

कुठल्या कायद्याखाली मागायची? प्रत्येक जण वेगळं कलम सांगतो.

आणि प्रत्येकाचं बरोबर असू शकतं. रस्ते बरेच आहेत, मुख्य चार सांगते.

पहिला, ज्याला अजूनही सगळे "एकशे पंचवीस" म्हणतात तो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. आकडा बदलला, गाभा तोच आहे. ऐपत असूनही कुणी स्वतःच्या बायकोला, मुलांना किंवा आईवडिलांना सांभाळत नसेल तर कोर्ट दरमहा रक्कम ठरवून देतं. हे कलम सगळ्या धर्मांना लागू आहे. पूर्वी त्यात महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. केंद्राने ती २००१ मध्ये काढून टाकली, तरी गावाकडचे एखादे काका अजून तो आकडा सांगतात.

दुसरा, हिंदू विवाह कायदा, १९५५. घटस्फोटाचा, न्यायिक विभक्ततेचा किंवा नांदायला येण्याबद्दलचा दावा चालू असेल तर त्यातच कलम २६ खाली मुलांचा ताबा, शिक्षण आणि खर्च याबद्दल आदेश मागता येतो. विशेष विवाह कायद्याने, म्हणजे रजिस्टर लग्न केलेल्यांसाठी, तशीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे.

तिसरा, वर आलेला १९५६ चा कायदा. त्याचं कलम २० मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मुलांना सांभाळण्याचं बंधन ते बाप आणि आई दोघांवर टाकतं आणि औरस-अनौरस, म्हणजे लग्नातलं की लग्नाबाहेरचं मूल, असा भेद करत नाही.

चौथा, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा. मारहाण, शिवीगाळ, घरखर्च बंद करणं असं काही घडलं असेल तर कलम २० खाली स्वतःसाठी आणि मुलांसाठी पैसे मागता येतात. घरखर्च अडवून धरणं हाही त्या कायद्यात छळच आहे, त्याला आर्थिक छळ म्हणतात.

दोन ठिकाणी अर्ज केला तरी चालतो. पण पहिल्या ठिकाणी काय मागितलं आणि काय मिळालं ते दुसरीकडे सांगावंच लागतं, आणि आधीची रक्कम नंतरच्या हिशोबात धरली जाते. लपवलं तर नाचक्की तुमची.

आमचा घटस्फोट झालेला नाही, नुसते वेगळे राहतो. तरी मागता येईल?

येईल. मुलाच्या पोटगीचा घटस्फोटाशी काही संबंध नाही. घटस्फोट नकोय, फक्त मुलाचा खर्च हवाय, असं म्हणणाऱ्या बायका खूप असतात. त्यांच्यासाठी कलम १४४ चा सुटा अर्ज पुरेसा आहे.

अर्ज कुठे करायचा? लग्न साताऱ्याला झालं, संसार कांदिवलीत, आता मी भांडुपला माहेरी.

मुंबई शहर आणि उपनगरासाठी कुटुंब न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. वांद्रे स्टेशनच्या पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने जातात बहुतेक जण. कलम १४४ चा अर्ज सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, जिथे आहे तिथे, तुम्ही जिथे राहता तिथे किंवा दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलात तिथे करता येतो. म्हणजे तुमच्या बाबतीत कांदिवली काय, भांडुप काय, मुंबईच. घटस्फोटाच्या दाव्यासाठी लग्नाचं ठिकाणही चालतं, पण लहान मूल घेऊन तारखेला साताऱ्याला जायची हौस कुणाला असते?

माहेर डोंबिवलीला असेल तर तो ठाणे जिल्हा झाला. मग ठाण्याच्या बाजूला अर्ज करायचा की शेवटचं एकत्र राहिलेलं घर धरून वांद्र्याला, हे तुम्हीच ठरवायचं. मी एकच विचारते : तारखेच्या दिवशी मुलाला शाळेतून कोण आणणार?

हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज आपल्या भागातल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात करतात. कुटुंब न्यायालयात दावा चालूच असेल तर त्या कायद्यातल्या मागण्या तिथेही करता येतात.

पगाराच्या २५ टक्के मिळतात ना?

हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधल्या एका निकालात आहे. तिथे नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम बायकोसाठी वाजवी ठरेल असं म्हटलं होतं. तो त्या प्रकरणापुरता विचार होता. मुलांच्या पोटगीला टक्केवारीचा कुठलाही कायदा नाही.

कोर्ट बघतं ते असं : दोघांची कमाई, मालमत्ता, अंगावरची जबाबदारी, म्हातारे आईवडील कुणावर अवलंबून आहेत, मूल एकत्र घरात असताना कसं राहत होतं, कुठल्या शाळेत जात होतं, त्याला काही आजार किंवा अपंगत्व आहे का. बापाने आयसीएसई शाळेत घातलं आणि वेगळं झाल्यावर "महापालिकेची शाळा काय वाईट आहे?" असं विचारलं, तर ते फारसं चालत नाही. शाळा वाईट नाही, प्रश्न मुलाचं चालू आयुष्य तोडायचं का हा आहे.

पगारातून काय वजा करायचं यावर कायम घासाघीस होते. सॅलरी स्लिपवर ८० हजार दिसतात आणि हातात ३१ येतात, असं दाखवणारे भेटतात. मधले पैसे सोसायटीचं कर्ज, ऐच्छिक पीएफ, विमा आणि नव्या गाडीचा हप्ता. इन्कम टॅक्स आणि सक्तीचा पीएफ यांची वजावट कोर्ट मान्य करतं. स्वतःच्या मर्जीने कापून घेतलेल्या रकमा दाखवून मुलाचा वाटा कमी करायला कोर्ट सहसा तयार होत नाही.

ॲफिडेव्हिट भरायला सांगितलंय. ते काय असतं? आणि खर्चाचा पुरावा कसा देऊ, मी काही पावत्या ठेवल्या नाहीत.

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या एका प्रकरणात सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, देणी आणि खर्च शपथेवर ठरावीक नमुन्यात सांगायचा. पगार, बँक खाती, विवरणपत्रं, गुंतवणूक, गाड्या, कर्ज, मुलांचा महिन्याचा खर्च, सगळं. त्यात खोटं लिहिलं तर खोट्या शपथेची कारवाई होऊ शकते. त्याआधी नवरा काय कमावतो हे बायकोने शोधून काढायचं, असा उफराटा खेळ चालायचा.

हे ॲफिडेव्हिट घाईत, कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसून भरू नका. तुमच्या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. रकाना रिकामा सोडला की समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

पावत्यांचं सांगते. भांडुपच्या एका अर्जदार बाईंनी दोनशेपानी वही आणली होती, शाळेची, मागे पाढे छापलेली. पहिल्या दिवसापासून रोज रात्री त्या लिहायच्या. तारीख, वस्तू, पैसे. "रेनकोट. बुटांचे सोल. बस जून. डॉ. ताप. कंपासपेटी." खाली दहा दिवसांनी पुन्हा "कंपासपेटी." समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत तेवढंच पकडलं : "एका महिन्यात दोन कंपासपेट्या?" बाई म्हणाल्या, "पहिली लोकलमध्ये राहिली. पोरगी ठाण्यापर्यंत रडत होती." त्यानंतर त्या वहीतल्या एकाही नोंदीवर प्रश्न आला नाही. छापील बिलांचा गठ्ठा मी पुष्कळ वेळा दाखल केला आहे, पण त्या वहीइतकं वजन फार कमी कागदांना आलेलं पाहिलं.

तेव्हा आजपासून वही घाला. मागचे महिने आठवून लिहिले तर "आठवणीने लिहिलेलं" असं वर स्पष्ट लिहा. यूपीआयचे व्यवहार बँकेच्या पासबुकात सापडतात, ते पेन्सिलने खूण करून ठेवा. शाळेकडून फीचा दाखला मागा, देतात.

नोटीस गेली आणि त्याने नोकरीच सोडली. आता?

जुनी युक्ती आहे. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनसुद्धा बायकामुलांना पोसलं पाहिजे, नोकरी नाही ही सबब चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही बजावलं आहे. आधीचा पगार, शिक्षण आणि अनुभव बघून कोर्ट कमाईची क्षमता धरतं. मात्र कारखाना खरंच बंद पडला असेल, खरंच आजारपण असेल, तर तेही ऐकलं जातं. कागद हवेत.

रोखीच्या धंद्यात खरी अडचण येते. रिक्षा, केबल, फरसाणाचं दुकान, लग्नाचे मंडप. विवरणपत्रात वर्षाला तीन लाख दिसतात आणि दारात नवी एसयूव्ही उभी असते. अशा वेळी राहणीमान दाखवायचं. गाडीची नोंदणी, मुलाच्या वाढदिवसाचे हॉलमधले फोटो, दुकानाचा परवाना, कर्जाच्या अर्जात बँकेला सांगितलेली कमाई. शेवटचा कागद फार उपयोगी पडतो, कारण कर्ज घेताना माणूस कमाई फुगवून सांगतो आणि पोटगी देताना आटवून. कोर्टाकडून बँकेला किंवा मालकाला कागद हजर करायचा आदेश मागता येतो.

एक मात्र करू नका. नवऱ्याचा फोन उघडून, पासवर्ड टाकून ईमेल काढणं वगैरे. त्यातून तुमच्यावरच तक्रार येऊ शकते.

मी कमावते. मग मुलाचं सगळं मीच बघायचं?

नाही. तुम्ही कमावता म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही, वाटली जाते. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे बापाने करावा, आणि आईची कमाई पुरेशी असेल तर तो दोघांत प्रमाणात वाटावा, असं २०२० च्या निकालात आहे. २००० मधल्या एका प्रकरणात आईबाप दोघंही नोकरीत होते, तिथे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च बाप दोन वाटे आणि आई एक वाटा असा विभागला. हे प्रमाण सगळ्यांना लागू होत नाही, पण वाटणी कशी होते ते कळतं.

घरी राहून मुलाला न्हाऊमाखू घालणं, डबा, अभ्यास, रात्रीचा ताप, हा आईचा वाटा रुपयांत दिसत नाही. तो युक्तिवादात मांडावा लागतो. आपण बोललो नाही तर कुणी आपणहून धरत नाही.

मुलं माझ्याकडे आहेत, मी बाप आहे. मी मागू शकतो का?

हो. १९५६ च्या कायद्याचं कलम २० आणि विवाह कायद्याचं कलम २६ आईलाही बांधतं. तिची कमाई असेल तर तिचा वाटा मागा. लाजतात बरेच पुरुष. मुलाच्या फीसाठी कसली लाज?

ती मुलाला भेटू देत नाही. मी पैसे बंद केले तर ताळ्यावर येईल ना?

नाही येणार, आणि कोर्टात तुमचीच बाजू पडेल. भेट आणि पोटगी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भेट मिळत नसेल तर भेटीसाठी अर्ज करा. वांद्र्याच्या कोर्टात मुलांना भेटण्यासाठी वेगळी सोय आहे, समुपदेशक आहेत. मला भेटीचा अर्ज चालवताना सगळ्यात सोपं कुठलं प्रकरण जातं सांगू? ज्या बापाने एकही महिना न चुकवता पैसे भरले आहेत त्याचं.

हेच उलट बाजूने : तो पैसे देत नाही म्हणून मुलाला भेटू द्यायचं नाही, हेही चालत नाही. राग समजतो. पण बाप हा मुलाचा आहे, त्याची थकबाकी तुम्ही वसूल करा, मुलाला वसुलीला लावू नका.

म्युच्युअल घटस्फोटात मी "मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून दिलं होतं. आता मुलगा आठवीत गेलाय, जमत नाही.

मागता येईल. आईने आपला हक्क सोडला असेल, मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही. एकरकमी पैसे घेतले असतील तर कोर्ट आधी त्याचा हिशोब विचारेल, एवढंच.

ज्यांची संमतीपत्रं अजून व्हायची आहेत त्यांनी इथे थोडं थांबून वाचा. घाईघाईत "बापाने दरमहा १० हजार द्यावेत" एवढं एक वाक्य लिहितात आणि पाच वर्षांनी माझ्याकडे परत येतात. महिन्याच्या कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात ते लिहा. दरवर्षी किती टक्के वाढ ते लिहा. शाळेची फी पोटगीत धरलेली आहे की वेगळी, आणि वेगळी असेल तर थेट शाळेत भरायची का, तेही लिहा. मेडिक्लेम कुणाचा? दहावी-बारावीचे क्लास? कॉलेजची प्रवेश फी? मुलगा अठराचा झाल्यावर काय? आज लिहायला कडू वाटेल, पण आज दोघं एका टेबलाशी बसलेले असतात. एकरकमी देणार असाल तर मुलाच्या नावाने ठेवीत गुंतवा. हातात आलेली मोठी रक्कम मुंबईत डिपॉझिटमध्ये आणि जागेच्या हप्त्यात कधी विरघळते कळत नाही.

आदेश झालाय, पण तो देतच नाही.

आता वसुली अर्ज. कलम १४४ खालचा आदेश मोडला तर कोर्ट वॉरंट काढून रक्कम वसूल करू शकतं, आणि तरीही थकीत राहिली तर एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोपर्यंत, कैद देऊ शकतं. तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी माफ होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. कित्येक नवऱ्यांना वाटतं, महिनाभर आत बसलो की सुटलो.

मुदत मात्र सांभाळा. या मार्गाने वसुली करायची तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. "आज देतो, उद्या देतो" यात वर्ष निघून जातं. मी अशिलांना सांगते, तीन महिने थकले की या, बारा होऊ देऊ नका.

पगारदार असेल तर पगारातून कापून घ्यायचा आदेश मागा. हिंसाचाराच्या कायद्यात तर मालकाने थेट तुमच्याकडे किंवा कोर्टात पैसे भरावेत असा आदेश देण्याची स्पष्ट तरतूद आहे, कलम २०(६). दिवाणी हुकूमनाम्यासारखी मालमत्ता जप्तीही होऊ शकते. ऑफिसात कोर्टाचा कागद गेला की आश्चर्यकारक वेगाने पैसे येतात, हा माझा अनुभव.

देणाऱ्यांसाठी दोन शब्द : रोख देऊ नका. बँकेतून द्या, शेऱ्यात "पोटगी, जुलै" असं लिहा. मुलाला सायकल घेतली, गणपतीत कपडे केले, ते प्रेमाने केलंत. पोटगीत वळतं होत नाही.

मुलगा १८ चा झाला की बंद?

कलम १४४ खाली मुलासाठी आणि मुलीसाठी साधारण अठरा हीच सीमा. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःला सांभाळता येत नसेल तर पुढेही चालू राहते.

हिंदू मुलीसाठी १९५६ चा कायदा पुढे जातो : अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर राहू शकत नसेल तर लग्न होईपर्यंत तिला बापाकडे निर्वाह मागता येतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायद्यांतला हा फरक नीट समजावून सांगितला आहे. तेव्हा मुलगी एकोणीस वर्षांची असेल आणि तुम्ही कलम १४४ चाच अर्ज करत बसलात तर दार चुकलंत. इथे चुकीच्या अर्जात दोन-दोन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

मुलांची, म्हणजे मुलग्यांची, पंचाईत होते. बारावी झालेला अठरा वर्षांचा मुलगा इंजिनीअरिंगची फी कुठून भरणार? म्हणूनच संमतीपत्रात पदवीपर्यंतचा खर्च लिहून घ्या म्हणते.

आमचं लग्नच झालं नव्हतं.

मुलाला फरक पडत नाही. कलम १४४ मध्ये औरस आणि अनौरस दोन्ही अपत्यं स्पष्ट शब्दांत आहेत.

बाप नाकारतो तेव्हा डीएनएचा विषय निघतो. लग्न झालेलं असेल आणि मूल त्या काळात जन्मलं असेल तर ते नवऱ्याचंच असं कायदा धरून चालतो. नुसत्या संशयावरून चाचणी मिळत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की नवराबायकोच्या भांडणात मुलाला अशा चाचणीला सरसकट उभं करू नये. लग्न नसेल तर हे गृहीतक मदतीला येत नाही. मग जन्मदाखला, दवाखान्याचे कागद, मेसेज, एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो.

आम्ही मुस्लिम आहोत. आमच्याकडे दोनच वर्षं मिळते असं सांगतात.

घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९८६ च्या कायद्यातल्या दोन वर्षांवरून हा समज झाला आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मुस्लिम मुलांचा कलम १२५ खालचा हक्क त्या कायद्याने कमी होत नाही. जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही त्या कलमाखाली स्वतःसाठी मागता येतं असा निकाल आला. ख्रिस्ती आणि पारशी दांपत्यांसाठी त्यांच्या घटस्फोट कायद्यांत मुलांच्या खर्चाची तरतूद आहेच, आणि १४४ सगळ्यांना खुलं आहे.

मी दुसरं लग्न केलं. पहिल्या नवऱ्याकडून मुलीचे पैसे बंद होतील?

तुमची स्वतःची पोटगी बंद होईल, मुलीची नाही. सावत्र बापाने प्रेमाने सांभाळलं तरी जन्मदात्याची जबाबदारी त्याच्यावर सरकत नाही. आणि पहिल्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, नवी मुलं झाली, तर कोर्ट ते खर्च विचारात घेतं, पण पहिलं मूल त्यात पुसलं जात नाही.

आदेशाला चार वर्षं झाली. फी दुप्पट झाली.

परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते, पूर्वीचं कलम १२७, आता १४६. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. पगार घटला तर बापही कमी करून मागू शकतो. मागायचं कोर्टाकडे. आपल्या मनाने कमी भरायचं नाही, फरकाची थकबाकी चढत राहते.

किती दिवस लागतात? आणि पैसे कधीपासूनचे मिळतात?

अंतरिम पोटगीचा, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा, अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा सांगतो. "शक्यतो" या शब्दात बरंच मावतं. नोटीस बजावली जात नाही, ॲफिडेव्हिट येत नाही, वकील तारीख मागतात. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम अर्ज द्या आणि सामनेवाल्याचा आत्ताचा, खरा पत्ता द्या. जुन्या भाड्याच्या खोलीवर तीन-तीन वेळा बेलिफ, म्हणजे नोटीस बजावणारा कोर्टाचा माणूस, जाऊन येतो. सामनेवाला हजरच झाला नाही तर एकतर्फी आदेश होतो. तो रद्द करून घ्यायला त्याला योग्य कारण आणि तीन महिन्यांची मुदत असते.

दिलासा एक : पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ॲफिडेव्हिटचे नियम घालणाऱ्या नोव्हेंबर २०२० च्या निकालाने पक्कं केलं. म्हणजे तारखा लांबल्या तरी मागचे पैसे बुडत नाहीत. पण अर्जाच्या आधीची जी दोन वर्षं तुम्ही "बघू, सुधारेल" म्हणून काढलीत, ती सहसा मिळत नाहीत.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट अशा दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. कुटुंब न्यायालयात वकील हा हक्काने लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं. छोट्या प्रकरणात बायका स्वतः बोलतात आणि छान बोलतात.

तो दुबईला आहे.

अर्ज इथेच होतो. आदेशही होतो. वसुली अवघड जाते, ते खोटं कशाला बोलू. त्याची भारतात जागा, ठेवी, गावच्या जमिनीतला वाटा काय आहे ते आधी शोधा, कारण हात तिथे पोचतो.

तारखेला मुलीला बरोबर आणायचं का?

पोटगीच्या तारखेला तिचं काही काम नसतं. ताब्याच्या प्रकरणात न्यायाधीशांना मुलाशी बोलायचं असेल तर ते सांगतात, तेव्हाच आणा. बाहेरच्या बाकावर आईबापाची भांडणं ऐकत बसलेली, गणवेशातली पोरं दिसतात, दप्तर मांडीवर. त्या दिवशी घटक चाचणी असेल तर तिला चाचणीला पाठवा. येताना तुम्ही वही तेवढी आणा.